पाचव्या गल्लीत आलेलं क्रियापद

मी पोटासाठी लोकांना घाबरवतो. हे काम मी पंख्याखाली बसून करतो, आणि ज्याला घाबरवतो त्याचा चेहरा मला बहुतेक वेळा दिसत नाही. एरवी माझा स्वभाव मवाळ आहे. रिक्षावाल्याशी वाद झाला तर त्या दिवशी माझं जेवणात लक्ष लागत नाही. पण कॉम्प्युटरसमोर बसलो की मी कुणालाही पंधरा दिवसांची मुदत देऊ शकतो.

धुळ्याला कोर्टात एका वकीलसाहेबांचा मी कारकून आहे. तारखा पाहणं, नकला काढणं, पक्षकारांना बाकावर बसवून ठेवणं ही कामं सगळेच कारकून करतात. माझं खास काम नोटिशीचं. साहेब चार वाक्यं सांगतात, मी त्यांचं दोन पानी इंग्रजी करतो. माझं शिक्षण मराठीतून झालं. इंग्रजी मी साहेबांच्या जुन्या फाइलींतून उचललं. त्यामुळे भाजी आणायला सांगणारं इंग्रजी मला येत नाही. धमकीचं मात्र अस्खलित येतं.

ज्यांना कधी नोटीस आली नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. ते वकिलानं लिहिलेलं पत्र असतं, एवढंच. 'तुम्ही असं केलंत, आता तसं करा, नाहीतर आम्ही कोर्टात जाऊ.' हे मराठीत लिहायला कायद्याची काही हरकत नाही. हरकत असते ती गिऱ्हाइकाची. चोपड्याच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याला त्याच्या सख्ख्या चुलतभावाला नोटीस द्यायची होती. ठिबकच्या नळीवरून भांडण होतं. दोघांची घरं एका भिंतीची. मी म्हटलं, दादा, मराठीत देऊ या का, त्यांना लगेच समजेल. तो म्हणाला, "समजायला मी रोज भिंतीवरून ओरडतोच ना. इंग्रजीत द्या. लागली पाहिजे."

मग ती नोटीस चुलतभावाला लागते. तो ती घडी घालून खिशात ठेवतो, एसटी पकडतो आणि वाचून घ्यायला कोर्टाच्या आवारात येतो. आवारात इंग्रजी वाचून सांगणारा स्वस्त माणूस म्हणून कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवतं. म्हणजे सोमवारी मी लिहिलेलं शुक्रवारी मीच वाचतो. वाचण्याचे पैसे मी घेत नाही. चहा पाजतात. तो घेताना मला अपराधी वाटतं, म्हणून मी अर्धाच पितो. एकानं तर मला ऐकवलं होतं, "लिहिणारा हरामखोर आहे, पण भाऊ, लिहिलंय मोठं झोकात." मी खाली मान घालून कप विसळायला गेलो.

आमच्या साहेबांचं नोटिशीबद्दल स्पष्ट मत आहे. पाठवणाऱ्याला बरं वाटलं पाहिजे आणि घेणाऱ्याला वाईट. मधे कायदा असतो, त्याला काहीच वाटत नाही. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी माझ्या मुलीच्या ॲडमिशनसाठी दोन वेळा फोन केलेत. पण त्यांना शब्दांचा शौक आहे, आणि त्यातल्या त्यात एका शब्दाचा. तो शब्द म्हणजे 'अटॉर्न'.

हे इंग्रजी क्रियापद आहे. इंग्रज ते आता वापरत नसावेत. आम्ही वापरतो. घर किंवा दुकान विकलं गेलं की नवा मालक जुन्या भाडेकरूला नोटीस देतो, आणि तिच्यात लिहितो की तुम्ही आमच्या अशिलाला पंधरा दिवसांत अटॉर्न करा. हा परिच्छेद साहेबांना त्यांच्या सीनियरनी दिला, सीनियरना त्यांच्या सीनियरनी. माझ्याकडे तो कॉम्प्युटरात आहे. मी तो कित्येक वर्षं चिकटवत आलो. अर्थ मात्र मला ठाऊक नव्हता. एकदा मी साहेबांना विचारलंही. ते म्हणाले, "तू टाइप कर."

शेवटी मी वकिलांच्या लायब्ररीत जाऊन कायद्याचा जाडा शब्दकोश काढला. पान सापडलं तेव्हा मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं. अर्थ एवढाच होता, की नव्या मालकाला मालक म्हणून मान्य करणं. जुन्या काळी तिकडे सरदार जमीन विकायचा तेव्हा तिच्यावरची कुळं नव्या सरदाराकडे वळून म्हणायची, आजपासून तुम्ही आमचे धनी. ते त्यांनी तोंडानं म्हटल्याशिवाय व्यवहार पुरा होत नसे. पुढे कायदा बदलला. आता भाडेकरू काही म्हणो न म्हणो, मालक बदलला की तो आपोआप नव्या मालकाचा भाडेकरू होतो. त्याची जागा, त्याचा हक्क, सगळं तसंच राहतं. फक्त एकदा लेखी मान्य केलं की नंतर 'हा माझा मालकच नाही' असं म्हणता येत नाही. म्हणजे हे क्रियापद आमच्या ऑफिसात निवृत्त शिपायासारखं आहे. काम काही नाही, पण रोज येऊन दारात बसतं आणि लोक त्याला बघून चपला काढतात.

आता दगा नानांची गोष्ट सांगतो. ही जुनी नाही. तिचा दावा अजून चालू आहे आणि मी अजून त्याच खुर्चीवर आहे.

धुळ्यातल्या पाचव्या गल्लीत दगा नानांची पिठाची गिरणी आहे. आमचं घर तिथून जवळ. ज्वारी, गहू, ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ, सगळं मी तिथूनच आणतो. गिरणीत दोन यंत्रं होती. एक पिठाचं, ते नाना चालवत. दुसरं मसाला कांडायचं. ते त्यांच्या पत्नीचं, सुमनअक्कांचं. उन्हाळ्यात अर्ध्या धुळ्याच्या मिरच्या अक्कांच्या हाताखालून जायच्या. काळ्या मसाल्याला किती वेळ कांडायचं हे त्या आवाजावरून ठरवत आणि कुणी घाई केली तर त्याचा डबा मागे ठेवत.

ती इमारत जामनेरच्या एका शेठनं विकत घेतली. शेठ आमच्या साहेबांकडे आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं मुद्द्याचं.

"साहेब, तिथं मला कॉम्प्लेक्स बांधायचंय. गिरणीवाल्याला काढा."

"शेठ, भाडेकरूला असं काढता येत नाही," साहेब म्हणाले. "दावा लावावा लागेल. कारण सिद्ध करावं लागेल. वेळ लागतो."

"दावा नंतर पाहू. आधी एक नोटीस हाणा. अशी हाणा की त्याची झोप उडाली पाहिजे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइल उघडली. नाव-पत्ता टाइप करताना 'पाचवी गल्ली' आलं आणि माझी बोटं थांबली. मी साहेबांना सांगू शकलो असतो की हे आमचे नाना आहेत. त्यानं फरक पडला नसता, पण सांगू शकलो असतो. मी पुढचा शब्द टाइप केला.

कागद निघाला. शेठनी वाचून दाखवायला सांगितलं. मी इंग्रजीतच वाचत गेलो आणि ते गंभीरपणे मान हलवत राहिले. 'अटॉर्न' आल्याबरोबर त्यांनी टेबलावर हात मारला.

"हां! हे बरंय. हे लागेल. याचा अर्थ काय, साहेब?"

"त्याला कळेल," साहेब म्हणाले.

शेठ खूश होऊन गेले. नोटिशीत नानांना गिरणी सोडायला कुठेही सांगितलेलं नव्हतं. तसं सांगण्याचा हक्कच नव्हता. पण ती तशीच आहे असं शेठ धरून चालले, आणि साहेबांनी त्यांना तसं धरून चालू दिलं. त्यालाच आम्ही ऑफिसात समाधानी पक्षकार म्हणतो.

नानांना रजिस्टर पोस्टानं नोटीस मिळाली. ते माझ्याकडे आले नाहीत. मी पलीकडच्या पक्षाचा माणूस, मला अडचणीत कशाला टाका, असा त्यांनी विचार केला. आपल्या लोकांचा हा सभ्यपणा मला फार वेळा वाचवून गेला आहे आणि दर वेळी मला त्याची लाज वाटली आहे. ते गेले पाटील सरांकडे. पाटील सर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. गल्लीत कुठलाही इंग्रजी कागद आला की तो त्यांच्या ओट्यावर जातो. सरांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला. 'मला माहीत नाही' हे वाक्य त्यांनी पूर्ण नोकरीत कधी वापरलं नव्हतं, ते आता काय वापरणार? ते म्हणाले, "अटॉर्नी म्हणजे मुखत्यार. मुखत्यारीचा विषय आहे हा. म्हणजे जागेचा ताबा मुखत्यारामार्फत पंधरा दिवसांत देणे." गल्लीनं माना हलवल्या. एवढा अवघड शब्द आहे त्या अर्थी जावंच लागणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

आता गंमत पाहा. पाठवणाऱ्याला वाटत होतं, निघून जा. घेणाऱ्याला वाटत होतं, निघून जा. गल्लीलाही तेच वाटत होतं. निघून जा असं म्हणत नव्हता तो फक्त कागद. आणि नाना एकदा आपल्या पायानं बाहेर पडले असते, तर कुठल्याही कोर्टानं त्यांना परत आत बसवलं नसतं. हे माहीत असलेला पाचव्या गल्लीतला एकमेव माणूस हातात ज्वारीचा डबा घेऊन गिरणीच्या रांगेत उभा होता.

नानांनी माझा डबा नेहमीसारखा आधी घेतला. पीठ भरून देताना म्हणाले, "भाऊ, आते दुसरी गिरणी देखी ल्या. आमनं अठलं संपनं."

दुसरी गिरणी पाहा, इथलं आमचं संपलं. मी "अरेरे" म्हणालो. खरंच तेवढंच म्हणालो. कारकुनानं समोरच्या पक्षाशी बोलू नये असा आमच्यात नियम आहे आणि नियमामागे लपायला मला नेहमीच आवडतं. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग तुम्ही सांगितलं नाही त्यांना?" मी म्हटलं, नोकरीचा प्रश्न आहे. तिनं डबा फळीवर ठेवला आणि माझ्याशी त्या विषयावर पुन्हा बोलली नाही. त्यानंतर मी आणखी एकदा गिरणीत गेलो, पीठ घेतलं आणि आलो.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दारात टेम्पो उभा होता. मसाल्याचं यंत्र शिरपूरच्या एका दुकानदारानं उचललं होतं. गरजू माणसाकडून जसं उचलतात तसंच, घेणाऱ्यानं म्हटलेल्या किमतीला. टेम्पो कोपऱ्यावरून वळला. आत जमिनीत चार बोल्टांची भोकं राहिली होती. नाना पिठाच्या जात्याचे बोल्ट सोडवायला पाना घेऊन बसले होते. अक्का पायरीवर बसल्या होत्या.

तेव्हा मला वाचा फुटली.

"नाना, थांबा. तुम्हाला जायचं नाहीये."

नानांनी पाना खाली ठेवला नाही. "नोटीस शे ना, भाऊ."

"नोटिशीत जा म्हटलेलंच नाही. शेठला मालक म्हणून मान्य करा आणि भाडं त्याला द्या, एवढंच लिहिलंय."

"आन् तो मोठा शब्द?"

"त्याचाच तो अर्थ."

नाना माझ्याकडे पाहत राहिले. मग हसले, पण मला बरं वाटावं म्हणून हसावं तसं. "इतला मोठा शब्द, आन् अर्थ इतलाच? नही भाऊ. तुम्ही आमनं मन राखी राहिनात."

"खरं सांगतो, नाना."

"मंग मराठीमा का बरं नही लिखं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते एका वाक्यात मावणारं नव्हतं आणि त्यातलं कुठलंच वाक्य सांगण्यासारखं नव्हतं. अक्कांनी इतका वेळ वर पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

"ती नोटीस तुम्हीच लिखी ना, भाऊ?"

"हो, अक्का."

"मंग इतला दिन पीठ लई गयात, तवय जिभले काय व्हयनं व्हतं?"

इतके दिवस पीठ नेत होतो, तेव्हा जिभेला काय झालं होतं. जीभ नेहमीसारखीच नियमामागे लपली होती.

नानांना पटायला दुपार गेली. मी मोबाइलवर शब्दकोश दाखवला, कायद्याचं कलम दाखवलं, माझ्या मुलीची शपथ घेतली. शेवटी पटलं ते वेगळ्याच कारणानं. मी म्हटलं, "तुम्ही त्याला नुसतं उत्तर द्या, की मी अटॉर्न करतो. मग तो तुम्हाला काहीच करू शकत नाही, दावा लावल्याशिवाय." नानांचे डोळे चमकले. आपण तो शब्द उलट वापरू शकतो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"म्हणजे माले बी तोच शब्द जोयजे," ते म्हणाले. "तोच. बारीक नको."

मी ते उत्तर लिहिणं शक्य नव्हतं. कोर्टात आमच्या समोरच्या टेबलावर एक तरुण वकीलबाई बसतात. नानांना मी त्यांच्याकडे पाठवलं. पाठवण्याआधी बाईंना अर्थही सांगितला, कारण त्याही तो शब्द नुसता वापरत होत्या. म्हणजे आमच्याच पक्षकाराविरुद्ध मी शस्त्र पुरवलं. त्याचंही मला अपराधी वाटलं. माझं हे असं आहे, गप्प बसलो तरी वाटतं, बोललो तरी वाटतं. बाईंनी उत्तर अर्ध्या पानाचं केलं. माझे अशील तुमच्या अशिलाला याद्वारे अटॉर्न करीत आहेत आणि भाडं देण्यास तयार आहेत.

ते उत्तर आमच्या ऑफिसात मीच फोडलं. साहेबांनी वाचलं आणि ओठ चावले. शेठना जामनेरला बोलावणं गेलं. शेठ आले, कागदावर बोट फिरवत गेले, आणि त्यांचं बोट त्या शब्दावर थांबलं.

"साहेब! यानं आपलाच शब्द आपल्यावर टाकलाय!"

"तसं नाही, शेठ."

"तसं नाही कसं? हा बघा. हाच तो. आता काय करायचं? मला जायला लागेल का कोर्टात?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच साहेबांवर त्या क्रियापदाचा अर्थ सांगायची पाळी आली. ते हळू आवाजात म्हणाले, "त्याचं म्हणणं एवढंच, की तुम्ही मालक आहात हे त्याला मान्य आहे."

"मालक तर मी आहेच! खरेदीखत केलंय!"

"हो."

"मग तो जातोय ना?"

"नाही. तो भाडं देणार आहे."

शेठनी नोटिशीची आमची प्रत पुढे ओढली. मग म्हणाले, "मग आपल्या नोटिशीत आपण काय लिहिलं होतं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "वाचून दाखव," ते म्हणाले. "मराठीत."

मी वाचलं. आता मी मालक आहे हे मान्य करा आणि भाडं मला द्या. इतर सगळी वाक्यं दोन पानं भरायला होती, ती मराठीत येईनात. शेठ ऐकत राहिले आणि मग खुर्चीवरून उठले.

"हे तर मी फोनवर सांगितलं असतं," ते म्हणाले.

ते गेल्यावर साहेबांनी मला विचारलं, "समोरच्या बाईंना अर्थ कुणी सांगितला?" मी म्हटलं, मी. मला वाटलं, आता टेबल आवरावं लागणार. साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. "हा शब्द आता गेला," ते म्हणाले. "सगळ्या आवाराला कळला. दुसरा शोधून ठेव." खरं सांगायचं तर मी दुसरा शोधला आहे. तो पहिल्यापेक्षाही भारी आहे. साहेबांना अजून दिलेला नाही, पण मिटवूनही टाकलेला नाही.

शेठनी पुढे रीतसर दावा लावला. त्यात तारखा पडतात आणि गिरणी चालू आहे. नाना गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगतात, "मी अटॉर्न करेल शे," जणू परीक्षा पास झालेत. पाटील सर म्हणतात, मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो.

मसाल्याचं यंत्र मात्र परत आलं नाही. मी शिरपूरला जाऊन विचारून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "कसं देणार भाऊ, काय मशीन आहे! धुळ्याच्या एका माणसानं पाण्याच्या भावात दिलं. कोर्टाचा कसला तरी कागद आला म्हणून घाबरला, वेडा." मी मान हलवली. त्यानं मला पाणी दिलं. ते मी पूर्ण प्यालो, चहासारखं अर्धं ठेवलं नाही.

या उन्हाळ्यात आमच्या घरच्या मिरच्या घेऊन मी शिरपूरला निघालो. जाताना गिरणीत डोकावून अक्कांना विचारलं, तुमच्याही घरचा मसाला कांडून आणू का? स्वतःच्या घरच्या मसाल्यासाठी आता त्यांनाही दुसऱ्याच्या दारात जावं लागत होतं. त्यांनी आतून भाजलेल्या मसाल्याची पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली. दिवसभर मी त्या दुकानात मिरचीच्या खकाण्यात खोकत बसलो. यंत्र चालू असताना कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला, पण कधी थांबवायचं ते मला आवाजावरून कळलं नाही. दुकानदारानं त्याच्या मनानं थांबवलं.

परत येऊन अक्कांसमोर डबा ठेवला. त्यांनी झाकण काढलं, चिमूटभर मसाला बोटांत चोळला, नाकाशी नेला.

"जरासं कमी कांडं," त्या म्हणाल्या. "पण मशीन मन्हंच शे."

मी म्हटलं, "हो, अक्का, तुमचंच."

त्यांनी झाकण दाबून बसवलं आणि डबा आत नेऊन ठेवला. तिथूनच आवाज आला.

"आते दर साल तुम्हीच जावानं, भाऊ."

दर वर्षी तुम्हीच जायचं. पंधरा दिवसांची मुदत नव्हती, खाली सही-शिक्का नव्हता, दुसऱ्या कुणाकडून वाचूनही घ्यावं लागलं नाही. जन्मभर नोटिसा लिहिलेल्या माणसाला स्वतःला मिळालेली ही पहिलीच. मी ती तिथंच उभ्या उभ्या मान्य केली.